थांबा की वाट द्या? शाळेमागच्या चौकाचा वाद आणि दोन पाट्यांचा इतिहास



पुढच्या आठवड्यात टाउन काउन्सिलच्या बैठकीत शाळेमागच्या चौकाचा विषय येतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सरळ जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला तिथे काहीच पाटी नाही. आडव्या छोट्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना यील्डची पाटी आहे. रहिवाशांचा अर्ज असा, की यील्ड काढा आणि स्टॉप लावा.

गेले काही दिवस आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर यावरून चांगलीच जुंपली आहे. एका बाजूचं म्हणणं, "पोरं सायकलवरून शाळेत जातात, काही झाल्यावरच जागे होणार का?" दुसऱ्या बाजूचं म्हणणं, "चार गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर स्टॉप लावून कोण थांबणार? नुसती दंडाच्या पावत्यांची सोय." दोन्हीकडची माणसं शहाणी आहेत आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण ही पाटी मुळात कशासाठी असते, हे कोणीच विचारत नाहीये. मी इंजिनिअर नाही. मला जुन्या गोष्टी खणून काढायची खोड आहे, एवढंच. या दोन पाट्यांचा इतिहास वाचला आणि वाटलं, की आपल्या चौकाचं उत्तर त्यातच आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

आधी काहीच नव्हतं

मोटारी येण्याच्या कितीतरी आधी रस्ते तुंबत होते. १८६७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर विल्यम फेल्प्स ईनो नावाचा नऊ वर्षांचा मुलगा आईबरोबर बग्गीत अडकून पडला. पुढेमागे मोजून डझनभर घोडागाड्या असतील, पण कोणी आधी जायचं हेच ठरलेलं नसल्यामुळे सगळे खोळंबले. तो प्रसंग त्याच्या डोक्यात बसला. मोठेपणी त्याने वाहतुकीचे नियम लिहिले आणि १९०३ साली न्यूयॉर्क शहराने ते स्वीकारले. वाहतूक सुरक्षेचा जनक म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं. गंमत अशी, की हा गृहस्थ स्वतः मोटार चालवायला कधी शिकलाच नाही म्हणतात.

रस्त्यावरचं भांडण सहसा "रस्ता कोणाचा" यावर नसतं, "आधी कोण" यावर असतं. दीडशे वर्षांत यात काडीचा फरक पडलेला नाही.

स्टॉपची पाटी: पांढरी, मग पिवळी, मग लाल

अमेरिकेतली पहिली स्टॉपची पाटी १९१५ साली डेट्रॉइटमध्ये लागली असं मानतात. मोटारींचं गाव, त्यामुळे दुखणंही तिथेच आधी सुरू झालं. ती पाटी साधारण दोन फूट बाय दोन फूट चौकोनी होती, पांढऱ्यावर काळी अक्षरं. आठ कोन नाहीत, लाल रंग नाही.

आठ कोन आले ते १९२३ च्या सुमारास. मिसिसिपी खोऱ्यातल्या राज्यांच्या महामार्ग खात्यांच्या संघटनेने पाट्यांच्या आकाराचा विचार केला. त्यांचं सूत्र साधं होतं : जितका धोका जास्त, तितक्या बाजू जास्त. गोलाला बाजू अगणित, म्हणून तो रेल्वे क्रॉसिंगला दिला, कारण तिथे गाठ आगगाडीशी. त्याच्या खालोखाल अष्टकोन, तो स्टॉपला. चौकटचा आकार सावधगिरीच्या सूचनेला आणि साधा आयत माहितीला. अंधारात, पावसात, बर्फाने अक्षरं झाकली तरी नुसत्या आकारावरून कळावं, हा हेतू.

रंगाचं म्हणाल तर बरीच वर्षं स्टॉप पिवळा होता. त्या काळी उन्हात टिकणारा लाल रंगच मिळत नव्हता, काही दिवसांतच तो फिका पडायचा. सगळ्या देशाला एकच नियम लावणारं पुस्तक, ज्याला 'मॅन्युअल ऑन युनिफॉर्म ट्रॅफिक कंट्रोल डिव्हायसेस' म्हणतात, ते पहिल्यांदा आलं १९३५ साली. त्यातही स्टॉप पिवळाच. टिकाऊ लाल मिळायला लागल्यावर १९५४ साली पाटी लाल आणि अक्षरं पांढरी झाली.

म्हणजे जी पाटी आपल्याला सूर्यचंद्राइतकी जुनी वाटते, ती माणसांनी बैठका घेऊन, वाद घालून, चुका सुधारत घडवलेली आहे. आपणही बैठकच घेतोय, त्यामुळे दडपून जायचं कारण नाही.

यील्डची पाटी एका पोलिसाच्या डोक्यातून आली

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे.

१९५० पर्यंत लहान चौकांसाठी दोनच पर्याय होते. एक तर स्टॉप लावा, नाहीतर काहीच लावू नका. काहीच नसेल तर सर्वसाधारण नियम असा, की दोन गाड्या एकाच वेळी आल्या तर डावीकडच्याने उजवीकडच्याला जाऊ द्यायचं. (भारतातही पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, असं १९८९ च्या रस्ता नियमांत स्पष्ट लिहिलं होतं. आपल्यापैकी किती जणांनी ते पुण्यात किंवा नाशिकमध्ये पाळलं, हे ज्याचं त्याने मनाशी विचारावं. आपण हॉर्न आणि नजर यांच्यावर शिकलो.)

ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात क्लिंटन रिग्ज नावाचा पोलीस अधिकारी होता. रोज अपघातांचे पंचनामे करणारा माणूस. धडक झाली की दोन्ही चालक शपथेवर सांगणार, "मी आधी आलो होतो." साक्षीदार नसेल तर करायचं काय? १९३० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेत शिकत असताना त्याने या प्रश्नावर विचार सुरू केला. त्याला अशी पाटी हवी होती, की गाडी दर वेळी थांबवावी लागू नये, पण धडक झाली तर जबाबदारी कोणाची हे आधीच ठरलेलं असावं.

१९५० साली टल्सात फर्स्ट स्ट्रीट आणि कोलंबिया अव्हेन्यूच्या चौकात ती पाटी लागली. शहरातल्या सगळ्यात वाईट चौकांपैकी तो एक. पाटी पिवळी होती आणि मजकूर होता, "आधी जाण्याचा हक्क दुसऱ्याला द्या" अशा अर्थाचा. तिथले अपघात कमी झाले आणि कल्पना पसरत गेली. १९५४ साली यील्ड राष्ट्रीय पुस्तकात आली, तेव्हा ती पिवळ्या रंगाची, टोक खाली असलेली त्रिकोणी पाटी होती. १९७१ साली तिचा रंग बदलून लाल-पांढरा झाला. आजही कित्येक जण यील्ड पिवळी असते असं छातीठोकपणे सांगतात. आज परत जाताना बघा.

आता रिग्जने खरं केलं काय, ते नीट पाहू. स्टॉप म्हणते, "तू थांब, मग बघ." यील्ड म्हणते, "तू बघ, मग ठरव." यील्डमध्ये निर्णय चालकाच्या नजरेवर सोडलेला आहे आणि जबाबदारीही त्याच्यावर टाकलेली आहे. हा व्यवहार तेव्हाच न्याय्य ठरतो, जेव्हा त्याला वेळेत दिसू शकतं. दिसतच नसेल तर त्याच्यावर भरवसा टाकण्याला अर्थ उरत नाही.

मग पुस्तक काय म्हणतं?

स्टॉप कधी लावायचा याचे निकष या राष्ट्रीय पुस्तकात आहेत. २००९ च्या आवृत्तीत दोन लहान रस्त्यांच्या चौकासाठी यील्ड किंवा स्टॉपचा विचार कधी करावा, याची तीन कारणं दिली होती. सगळ्या बाजूंनी मिळून दिवसाला सरासरी २,००० हून जास्त वाहनं, सायकली आणि पादचारी येत असतील तर. दुसरी गाडी दिसून वेळेत थांबता येईल इतकं दिसत नसेल तर. किंवा वाट न दिल्यामुळे झालेले अपघात तीन वर्षांत पाच, किंवा दोन वर्षांत तीन नोंदले गेले असतील तर.

त्यातच आणखी तीन गोष्टी आहेत, ज्या आपल्या वादात कोणी काढल्या नाहीत :

१. प्रत्येक वेळी पूर्ण थांबण्याची गरज नसेल, तर आधी यील्डसारख्या सौम्य उपायाचा विचार करा.

२. वेग कमी करण्यासाठी यील्ड किंवा स्टॉप वापरू नका.

३. समोरासमोरच्या बाजूंना एकीकडे स्टॉप आणि दुसरीकडे यील्ड असं लावायचं नाही.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये नवी आवृत्ती आली. गरज भागेल तेवढंच बंधन घाला, हा गाभा तिच्यातही आहे.

आपला चौक मोजला तेव्हा

मी गेल्या आठवड्यात दोन सकाळी शाळेच्या वेळी तिथे जाऊन उभा राहिलो, टेप घेऊन. शेजारच्या काकूंनी विचारलंसुद्धा, "काय हो, घर घेताय का?"

आडव्या रस्त्याने पश्चिमेकडून आलं, की डाव्या हाताला कोपऱ्यापर्यंत दगडी भिंत आहे. जुनी, मजबूत आणि पूर्णपणे घरमालकाच्या हद्दीत. त्यांचा काहीही दोष नाही. पण त्या भिंतीमुळे मोठ्या रस्त्यावरची गाडी दिसायला लागते ती तुम्ही चौकापासून २०-२५ फुटांवर आल्यावर.

आता हिशेब बघा. रस्ते आखणारे इंजिनिअर चालकाच्या प्रतिक्रियेला अडीच सेकंद धरतात. ताशी १५ मैलांनी, म्हणजे अगदी सावकाश येणाऱ्या गाडीलाही, दिसल्यापासून पूर्ण थांबायला ८० फूट लागतात असं त्यांचं कोष्टक सांगतं. आपल्याकडे २५ फूट आहेत. म्हणजे त्या बाजूने यील्ड प्रामाणिकपणे पाळायची तर गाडी जवळजवळ थांबवावीच लागते. पाटी यील्डची, काम स्टॉपचं. जो नेहमी तिथून जातो त्याला हे ठाऊक आहे. जो पहिल्यांदा जातो त्याला पाटी सांगते, "बघ आणि ठरव," आणि समोर दगडी भिंत.

भिंत हलणार नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : या चौकात यील्ड चुकीची आहे आणि स्टॉप योग्य आहे. समोरची, पूर्वेची बाजू तुलनेने मोकळी आहे, पण वर सांगितलेल्या तिसऱ्या नियमामुळे तिथेही स्टॉपच लागेल. अर्जाला माझा पाठिंबा आहे.

पण थांबा. अर्जात जे कारण दिलंय ते वेगळं आहे, आणि तिथे आपली फसगत होऊ शकते.

स्टॉप लावला तरी न सुटणाऱ्या दोन गोष्टी

अर्जात लिहिलंय, की गाड्या सुसाट जातात. बरोबर, जातात. पण कुठल्या रस्त्यावर? मोठ्या रस्त्यावर! आणि नवा स्टॉप लागणार आहे आडव्या रस्त्यावर. मोठ्या रस्त्याने जाणाऱ्याला त्या पाटीची फक्त मागची बाजू दिसेल. त्याचा वेग अर्ध्या मैलानेही कमी होणार नाही.

वेगाने काय फरक पडतो तेही त्याच कोष्टकात आहे. ताशी २५ मैलांना थांबायला १५५ फूट. ३० मैलांना २०० फूट. फक्त पाच मैल जास्त, आणि अंतर ४५ फुटांनी वाढतं, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या तीन गाड्यांएवढं. सायकलवरच्या पोराच्या दृष्टीने हे ४५ फूट म्हणजे सगळंच.

दुसरी गोष्ट. स्टॉपला थांबलेल्या माणसालाही दिसावं लागतं. ताशी २५ मैलांच्या रस्त्यावर थांबलेल्या जागेवरून डावीकडे वळायचं, तर साधारण २८० फुटांपर्यंत मोकळं दिसायला हवं असं गणित आहे. आपल्या चौकात सकाळी कोपऱ्याला चिकटून गाड्या उभ्या असतात. पोरांना सोडायला आलेल्या आपल्याच गाड्या! थांबण्याच्या रेषेवरून मला डावीकडे एक मोठी एसयूव्ही आणि तिच्या मागे आकाश, एवढंच दिसलं. अशा वेळी माणूस थांबतो, मग गाडीचं नाक हळूहळू पुढे काढतो, आणि ते नाक नेमकं मुलं जिथून ओलांडतात तिथे येतं.

न्यू जर्सीतल्या होबोकन शहराने हीच गोष्ट मनावर घेतली. चौकाच्या कोपऱ्यांवर गाड्या उभ्या करणं बंद केलं, तिथे खांब, कुंड्या, सायकलचे स्टँड लावले. २०१७ पासून पुढे अनेक वर्षं त्या शहरात वाहतुकीमुळे एकही मृत्यू झाला नाही. हे सगळं एकट्या कोपऱ्यांमुळे झालं असा त्यांचाही दावा नाही, वेगमर्यादाही त्यांनी कमी केली. पण कोपरा मोकळा ठेवणं हा त्यातला मोठा भाग होता, आणि त्याला खर्च फारसा येत नाही. खर्च येतो तो आपल्या सोयीला. पन्नास पावलं चालत यावं लागतं, इतकंच.

"मग चारही बाजूंना स्टॉप लावा ना!"

हा प्रश्न येणारच, आणि तो चुकीचा नाही. फिलाडेल्फियात सुमारे २०० चौकांतले सिग्नल काढून त्यांच्या जागी चारही बाजूंना स्टॉप लावले होते. त्यावरच्या अभ्यासात अपघात जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी झालेले आढळले. तेव्हा "स्टॉपने काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

पण ते रस्ते बहुतेक अरुंद, एकेरी आणि दोन्ही बाजूंनी साधारण सारख्या रहदारीचे होते. आपल्याकडे एक रस्ता भरलेला आणि दुसरा जवळपास रिकामा आहे. भरलेल्या रस्त्यावरच्या माणसाला रोज थांबायला लावलं आणि आडव्या रस्त्यावर कधीच कोणी दिसलं नाही, तर दहाव्या दिवशी तो नुसता ब्रेकवर पाय टेकवून निघून जातो. आणि एकदा ती सवय लागली, की तो शाळेच्या पुढच्या दारासमोरच्या स्टॉपलाही तसाच जातो. पाटीचा धाक हा गावाचा सामायिक साठा आहे, एका कोपऱ्यावर उधळला की दुसऱ्या कोपऱ्यावर कमी पडतो. म्हणून चारही बाजूंच्या स्टॉपसाठी पुस्तकात कडक निकष आहेत : बारा महिन्यांत टाळता येण्याजोगे पाच अपघात, किंवा दिवसातले आठ तास मोठ्या रस्त्यावर तासाला किमान ३०० वाहनं आणि आडव्या रस्त्यावर किमान २०० वाहनं, सायकली आणि माणसं. आपल्याला हे आकडे माहीत नाहीत. गाड्या मोजून घ्या, अशी मागणी करता येते.

थांबणं आणि बघणं यांचं नातं कायद्यालाही कळलेलं आहे, याचं एक उदाहरण. आयडाहो राज्याने १९८२ सालीच सायकलस्वारांना स्टॉपची पाटी यील्डसारखी धरायची परवानगी दिली. सायकलवरचा माणूस हळू येतो, उंचावरून बघतो, काचेआड बसलेला नसतो आणि त्याला ऐकूही येतं. त्याला दिसतं, म्हणून त्याच्यावर विश्वास टाकला. तिकडे ब्रिटनमध्ये बहुतेक चौकांत वाट देण्याचीच खूण असते. स्टॉप क्वचित आणि मुख्यतः जिथे दिसत नाही अशा जागी लावतात. देश वेगळे, कायदे वेगळे, पण प्रश्न तोच : इथे वेळेत दिसतं का?

बैठकीत काय मागायचं

माझ्या मते चार गोष्टी.

एक. आडव्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना स्टॉप. कारण म्हणून "गाड्या सुसाट जातात" असं न लिहिता "भिंतीमुळे दिसत नाही" असं लिहा, आणि मोजमापं जोडा. पहिल्या कारणावर इंजिनिअर पुस्तक उघडून अर्ज परत पाठवू शकतो. दुसऱ्या कारणासाठी तेच पुस्तक आपल्या बाजूने आहे.

दोन. चारही कोपऱ्यांजवळ गाड्या उभ्या करायला बंदी. रंगाचे पट्टे आणि खांब, एवढं पुरे.

तीन. मोठ्या रस्त्याच्या वेगासाठी वेगळा उपाय. सिअ‍ॅटलने घरांच्या वस्तीतल्या चौकांच्या मध्यभागी छोटी गोल बेटं केली. १९७० च्या दशकात सुरुवात झाली, आज अशी हजाराहून जास्त आहेत. त्यात शेजारीपाजारी झाडं लावतात. गोलाला वळसा घालायचा म्हणजे वेग आपोआप उतरतो, मग पोलीस असो वा नसो.

चार. सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी, आणि तिचे आकडे जाहीर.

ज्यांनी अर्जावर सही केलेली नाही त्यांना माझी विनंती : तुमची शंका रास्त आहे, पण ती या चौकाला लागू पडत नाही. एकदा पश्चिमेकडून या आणि भिंतीपाशी बघा. ज्यांनी सही केली आहे त्यांना विनंती : पाटी लागली म्हणून पेढे वाटून घरी बसू नका. त्या दिवशी अर्धंच काम झालेलं असेल. उरलेलं अर्धं आपल्या हातात आहे, आणि ते उद्या सकाळपासूनच सुरू करता येईल. पोरांना सोडताना गाडी कोपऱ्यापासून लांब उभी करा.

बैठक मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, टाउन हॉलमध्ये. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. मोजमापांचा कागद मी छापून आणतोय, ज्यांना हवा त्यांनी दारातच घ्या.